रॉकेटला उशीर आहे म्हणे

मंगळवार, ८ एप्रिल

ग्रेडीने आज मला बढती दिली. म्हणजे काम वाढवलं, खुर्ची तीच. "रेना, आजपासून तू आपला पूल!" माझ्या साहेबाला माणसांना असल्या पदव्या द्यायची हौस आहे. गेल्या वर्षी मी 'खांब' होते.

पूल कुठला? तर आम्ही आणि बोल्डरवाले यांच्यामधला. उपग्रह एक, बनवणारे तिघं. धड आमचं. ते इथे कोलोरॅडोत, लिटलटनला तयार होतंय, जिथे मी अर्धं आयुष्य पाट्या टाकल्या. डोळा बोल्डरच्या नव्या कंपनीचा. जगात कुठेही क्षेपणास्त्र सुटलं की वरून त्याची धग टिपणारा. आणि हे सगळं वर नेणारं रॉकेट तिसऱ्यांचं, अलाबामातलं. सरकारने तिघांचं लग्न लावून दिलंय. आता मी मधली सून — सगळ्यांचं ऐकायचं, कुणालाच बोलायचं नाही.

यंत्राबद्दल, वर्तमानपत्रात आलंय त्यापलीकडे, इथे एक अक्षर लिहायचं नाही, हा नियम मी कायम पाळलाय. पण माणसांबद्दल लिहू नका असं कंपनीच्या कुठल्याही कागदावर म्हटलेलं नाही. शोधून पाहिलंय मी!

गुरुवार, १० एप्रिल

बोल्डरला गेले. पूर्वीचं गालिच्यांचं गोदाम, आत संगणक आणि कुत्री. मालक टोबी लिंडक्विस्ट — वय एकतीस, पायात काही नाही. बैठक उभ्याने. खुर्च्या असताना!

त्याच्या कुत्र्याचं नाव 'होल्ड'. रॉकेटवाल्यांच्या भाषेत होल्ड म्हणजे उलटी मोजणी थांबवा, काहीतरी बिघडलंय. ड्वेन प्रूइट तिथे आला होता. हा अलाबामावाल्यांचा इथला माणूस. त्यांच्यासाठी तो जे करतो तेच मी आमच्यासाठी करते. पोरं कुत्र्याला "होल्ड! होल्ड!" म्हणून हाक मारायची आणि बिचारा दर वेळी कॉफी सांडायचा. शेवटी मी त्याच्या हातातून कप काढून घेतला. मी नेलेली बडीशेपेची बिस्किटं होल्डनेच संपवली.

निघताना टोबी गाडीपर्यंत आला. अनवाणी, खडीवरून! "रेना, तू मला आईसारखी आहेस म्हणून सांगतो." (मी चोपन्न वर्षांची आहे!) "आमचा डोळा सप्टेंबरच्या उड्डाणाला तयार होत नाही. डिसेंबर धर. पण आम्ही तोंड उघडणार नाही. तुमची कंपनी एवढी मोठी, तुम्हाला उशीर होणारच. तुम्ही आधी बोला, मग आम्ही म्हणू, असू दे, थांबतो."

कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं.

सोमवार, १४ एप्रिल

ग्रेडीने दार लावून घेतलं. दार लावलं की बातमी वाईट असते किंवा त्याला शर्ट खोचायचा असतो. आज बातमी होती.

"आपलं धड सप्टेंबरला होत नाही. डिसेंबर."

"मग कर्नलना सांगून टाकू या."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला उघड्याने ऑफिसात यायला सांगितलंय. "आपण? आपण का म्हणून? ती पोरं आहेत, रेना. कुत्र्यांत बसून डोळा बनवतात. त्यांना उशीर होणारच. त्यांनी आधी सांगू दे, मग आपण मोठ्या मनाने म्हणू, असू दे, थांबतो."

तेच वाक्य! शब्द न् शब्द! हसू नये म्हणून मी तोंडात पेपरमिंट कोंबली. एक पुरली नाही.

झालंय असं, की जो आधी 'उशीर' म्हणेल, उशीर त्याच्या नावावर. दंड त्याला, बदनामी त्याची, दुसऱ्याला फुकटात सवड. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचीय, आणि प्रत्येक उंदराला खात्री आहे की दुसरा उंदीर जास्त बावळट आहे.

बुधवार, १६ एप्रिल

एमेटने विचारलं, "काय झालं आज ऑफिसात?" "काही नाही." "काही नाही म्हणताना तुझा आवाज अर्धा सूर वर जातो." — जन्मभर शाळेत बँड शिकवलेल्या माणसाशी लग्न करू नये.

शुक्रवार, २५ एप्रिल

आज हसू आलं नाही.

सप्टेंबर गाठायचा तर काहीतरी कापायला हवं. काय कापायचं यावर दोन्ही कंपन्यांचं एकमत झालं. पहिल्यांदाच! धड आणि डोळा जोडल्यावर अख्खा उपग्रह एका मोठ्या कोठीत ठेवतात, हवा काढून घेतात आणि त्याला अवकाशासारखा भाजतात, गोठवतात. बरेच आठवडे चालतं ते. ग्रेडी म्हणतो, "धडाची वेगळी चाचणी झालीय, डोळ्याची वेगळी होणार आहे. जोडून परत कशाला?" टोबी म्हणतो, "अगदी! परत कशाला?"

कशाला म्हणजे? नवरा चांगला, नवरी चांगली, म्हणून संसार चांगला होतो का?

माझा भाचा मातेओ आत्ता ज्या लष्करी तळावर आहे, तिथे रात्री भोंगा वाजला तर पळायला मिनिटभर मिळतं. भोंगा वाजतो तो असा एखादा डोळा वर उघडा असतो म्हणून. डोळाच गोठून बसला तर मिनिटसुद्धा नाही.

सोमवार, २८ एप्रिल

सरळ मार्गाने जाऊन पाहिलं. ग्रेडीला म्हटलं, तू आधी बोल, त्यात कमीपणा नाही. म्हणाला, "पूल बोलत नसतो, रेना. पुलावरून माणसं जातात."

दुपारी कर्नल हॅस्केल यांचा फोन. उपग्रह त्यांच्याच खात्यासाठी, मे महिन्यातली आढावा बैठकही त्याच घेणार. बारीक आवाज, पण पाठीचा कणा आपोआप ताठ होतो. शेवटी म्हणाल्या, "मला सांगण्यासारखं काही आहे का, मिसेस आर्चुलेटा?"

गुप्ततेच्या दोन करारांवर माझ्या सह्या आहेत. दोघांनी विश्वासाने सांगितलेलं पोटात आहे. "नाही, कर्नल."

अर्धा नाही, अख्खा सूर चढला असणार.

मंगळवार, ६ मे

आज मी एक उद्योग केला.

खरेदी विभागातल्या बार्बचा वाढदिवस होता. केक कापला. बार्बच्या कानात काही सांगितलं की गच्चीवर चढून ओरडायचे कष्ट वाचतात. मी तिच्या शेजारी गेले, केकचा तुकडा घेतला आणि म्हटलं, "ऐकलंस का? रॉकेटला उशीर आहे म्हणे. झडपांचा काहीतरी घोळ. पण कुणाला बोलू नकोस हं!"

"छे गं! माझ्या पोटात राहील." पोटात केकला जागा होती, बातमीला नव्हती. प्लेट ठेवून गेलीच ती!

झडपा मी तिथल्या तिथे बनवल्या. रॉकेट म्हटलं की झडपा असणारच.

हिशेब सरळ आहे. तिसऱ्यालाच उशीर आहे म्हटल्यावर पहिल्या दोघांना लाज कसली? दोघंही बैठकीत आपापला डिसेंबर ओकून मोकळे होतील. मग रॉकेटवाले म्हणतील, कसला उशीर, आम्ही तर तयार आहोत! सगळे हसतील. अफवेला आईबाप नसतात. पण तोवर दोन खऱ्या गोष्टी टेबलावर आलेल्या असतील आणि कोठीतल्या चाचणीला वेळ मिळालेला असेल.

खरं सांगायचं तर मजा आली. शाळेत असताना नन्सच्या घंटेची दोरी कापली होती, त्यानंतर इतकी मजा आली नव्हती.

बुधवार, ७ मे

सकाळी टोबीचा फोन. कुजबुजत. "रेना, तुझ्यापाशीच ठेव. रॉकेटवाल्यांच्या झडपा फुटल्या. एक माणूस जखमी आहे."

माणूस जखमी! मी कुणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता!

जेवणाआधी ग्रेडीने दार लावलं. "बसून घे. रॉकेटच्या झडपा. चौकशी समिती बसणार आहे. अगदी पक्क्या गोटातली बातमी आहे."

पक्का गोट खुर्चीत बसून मान हलवत होता.

शुक्रवार, ९ मे

ड्वेनबरोबर जेवायला गेले, नेहमीच्या हिरव्या मिरचीवाल्याकडे. हा माणूस अगडबंब, पण बोलणं इतकं मऊ की वेटरला वाकावं लागतं. गाडीत कायम उकडलेल्या शेंगा. आज शेंगाही दिल्या नाहीत. म्हणाला, "आमच्याबद्दल काही ऐकलंस का?"

"झडपांचं?"

तो हसला. मोठ्ठ्याने. "झडपा! नाही गं. झडपा ठणठणीत आहेत."

घरी येताना गाडीत लक्षात आलं. झडपा ठणठणीत म्हणाला. रॉकेट ठणठणीत म्हणाला नाही.

गुरुवार, १५ मे

आज जे झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

कोलोरॅडो स्प्रिंग्ज. लांबलचक टेबल, एका बाजूला आम्ही, समोर बोल्डरवाले. टोबीने बूट घातले होते! भिंतीवरच्या पडद्यावर अलाबामाहून रॉकेटवाल्यांचे मोठे साहेब, टॅलमेज. ड्वेन कोपऱ्यात. कर्नल हॅस्केल यांनी विचारलं एवढंच — "सप्टेंबर?"

कुणीतरी पाणी प्यायलं.

मग ग्रेडीने घसा साफ केला. "कर्नल, रॉकेटच्या बाजूच्या आमच्या मित्रांच्या अडचणी आमच्या कानावर आल्या आहेत. अशा वेळी त्यांच्यावर दबाव नको. आम्ही मोठ्या मनाने डिसेंबरपर्यंत थांबायला तयार आहोत."

टोबी खुर्चीतून उठलाच. "आम्हीही! आम्ही तर कधीपासून म्हणतोय डिसेंबर! म्हणजे मनात म्हणतोय!"

"तुम्ही तयार आहात, की तुम्हाला डिसेंबर लागणार आहे?" कर्नल.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. ग्रेडी म्हणाला, "लागणार आहे." टोबी म्हणाला, "हो. आम्हालाही."

झालं! मी टेबलाखाली टाळी वाजवली. आता पडदा म्हणणार, कसला उशीर, कसल्या अडचणी.

टॅलमेजनी चष्मा काढला. तोंड लालबुंद. "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

ग्रेडीने समोरचे कागद नीट लावले.

"रॉकेट तयार आहे, कर्नल," ते म्हणाले. "तयार होऊन आडवं पडलंय. कारखान्यातली मोठी क्रेन मोडली. ते उचलताच येत नाही. नवी क्रेन नोव्हेंबरशिवाय मिळत नाही."

माझ्या हातातलं पेन पडलं आणि टेबलाखाली ग्रेडीच्या बुटाजवळ गेलं. ते काढायला मी वाकले आणि गरजेपेक्षा बराच वेळ तिथेच राहिले. खरंच उशीर होता! मी हवेत दगड मारला आणि आंबा पडला!

कर्नल म्हणाल्या, "म्हणजे तिघंही." तिघांनी एका सुरात "हो" म्हटलं, शाळेतल्या पोरांसारखं. "ठीक. डिसेंबर. आणि उपग्रह जोडून त्या कोठीत पूर्ण चाचणी होईल. एक दिवस कमी नाही."

परतताना ग्रेडी गाडीत शीळ घालत होता. म्हणाला, "बघ, आधी तेच अडचणीत आले!" मी खिडकीतून बाहेर पाहत होते. हसून हसून काच धुरकटली.

शनिवार, १७ मे

टोमॅटोच्या रोपांवर बर्फ पडला तरी मला राग आला नाही. एमेट म्हणतो, आज सुरात आहेस.

बुधवार, २८ मे

ड्वेन आठवडाभर फोन घेत नव्हता. आज बार्ब धावत आली. "कळलं का? त्या प्रूइटला घरी बसवलं! त्यानेच आतली बातमी फोडली म्हणे. मला तर आधीपासून संशय होता!"

तुला संशय! तुझ्या तोंडाला केक लागलेला असताना मीच तर…

टॅलमेजनी विचारलं होतं ना, तुम्हाला कुणी सांगितलं? त्याचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. बातमी इकडे पसरली, इकडे त्यांचा माणूस एकच. ओळखपत्र काढून घेतलंय. गुप्त कामाचा परवाना रोखलाय. आमच्या धंद्यात परवाना गेला की माणूस संपला. जे काही येतं ते सगळं बंद दारांच्या आतलं, आणि दार उघडणार नाही.

माझ्या गंमतीचं बिल दुसऱ्याच्या टेबलावर गेलं.

गुरुवार, २९ मे

ऑफिस सुटल्यावर ड्वेनच्या घरी गेले. तो अंगणातलं गवत कापत होता. इस्त्रीच्या शर्टात, ऑफिसच्या पॅंटमध्ये. बायको लोरेटा म्हणाली, "रोज सकाळी तयार होतो. मग कुठे जायचं हे आठवतं. मग गवत कापतो. आता कापायला गवत उरलं नाही."

ड्वेन म्हणाला, "तू यायला नको होतंस, रेना. माझ्याशी बोलताना दिसलीस तर तुझ्यावरही शेकेल."

वाक्य माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात लोरेटाने गोड चहा दिला, बर्फ घातलेला. मी तो प्यायले. ग्लास ठेवला. "बरा आहेस ना" म्हटलं आणि आले.

भित्री. भित्री. भित्री.

मंगळवार, ३ जून

एमेटला सांगितलं. सगळं. त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग, "सांगून टाक."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित." त्याने माझ्या बशीतली बिस्किटं आपल्याकडे ओढली. "पण आठवडाभर तू घरात चढ्या सुरात बोलते आहेस, रेना. 'मीठ दे' म्हणतानाही. मला ऐकवत नाही."

बुधवार, ४ जून

ग्रेडीचं दार आज मी लावलं. सांगितलं, अफवा मी उठवली.

तो हसला! "मैत्री असावी, पण इतकी? ड्वेनसाठी तू स्वतःला सुळावर चढवू नकोस."

"ग्रेडी, मी खोटं बोलले. मनाने बनवून."

"पण ते खरं निघालं ना! खरी गोष्ट मनाने कशी बनवशील? तुला कुणीतरी सांगितलं. आणि ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे." मग एकदम चेहरा पडला. "थांब. म्हणजे त्या दिवशी मी कर्नलसमोर जे बोललो, ते…"

"केकच्या भरवशावर बोललास."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शर्ट खोचला. परत काढला. परत खोचला.

शुक्रवार, ६ जून

अलाबामाहून चौकशी करायला फेंटन ओकली नावाचे गृहस्थ आलेत. टाय असा आवळलेला की मलाच श्वास घेता येईना. समोर कोरा कागद.

"उशिराची माहिती तुम्हाला कुठून मिळाली?"

"कुठूनच नाही. मी बनवली."

"कशाच्या आधारावर?"

"आधार नव्हता. केक होता."

त्यांनी 'केक' लिहिलं. पाहिलं मी!

"मॅडम, तुमचं म्हणणं, तुम्ही खोटं बोललात."

"हो."

"पण ते खरं आहे."

"त्याला मी काय करू?"

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आत्ता बोलताय?"

क्षणभर माझीच गाडी घसरली. "तेव्हा," मी म्हटलं. "आत्ता खरं बोलतेय, की तेव्हा खोटं बोलले."

ते कपाळ चोळत राहिले. जन्मभर माणसं आपण खरे आहोत हे पटवत फिरतात. मी लबाड आहे हे कसं पटवायचं? साक्षीला कोण येणार? शाळेतल्या नन्स आल्या असत्या, पण त्या गेल्या.

मग एकदम सुचलं. "झडपा!"

"काय?"

"मी झडपा म्हटलं होतं. बार्बला विचारा. टोबी लिंडक्विस्टला विचारा. ग्रेडीला विचारा. इथे जो तो झडपाच म्हणतो. कुणाच्या तोंडून 'क्रेन' ऐकलीत तुम्ही? एकाच्या तरी? ड्वेनला क्रेनचं ठाऊक होतं. त्याने फोडलं असतं तर गावभर क्रेन झाली असती. झडपा कुठून आल्या?"

ओकलींचं पेन थांबलं. बराच वेळ ते कागदावरच्या 'केक'कडे पाहत होते.

"म्हणजे तुमची अफवा चुकीची होती," ते सावकाश म्हणाले.

"साफ चुकीची! फक्त बरोबर निघाली."

त्यांनी टायची गाठ बोटभर सैल केली. "माझ्यापुढे रोज माणसं येतात. सगळी आपलं खोटं लपवायला येतात. सिद्ध करायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." आणि मग, खाली बघत — "हे का केलंत?"

कोठीतली चाचणी, भोंगा, मातेओ, सगळं सांगितलं. ते त्यांनी लिहून घेतलं नाही. ऐकलं.

शुक्रवार, २० जून

ड्वेन सोमवारपासून कामावर! ओळखपत्र परत, परवाना परत. हे सांगायला फोन लोरेटाने केला.

माझा निकालही आला. या उपग्रहावरून मला काढलं. परवान्याचा फेरविचार होणार. नोकरी आहे — पाहुण्यांना कारखाना दाखवायची. ग्रेडी आज पूल म्हणाला नाही, खांब म्हणाला नाही. "रेना" म्हणाला नुसतं, आणि दार उघडं ठेवलं.

मधल्या सुट्टीत सवयीने, उपग्रह जोडतात त्या मोठ्या दालनाशी गेले. कार्ड लावलं. लाल दिवा. परत लावलं. लाल.

मंगळवार, २४ जून

टोबी फोनवर इतका हसला की होल्ड भुंकायला लागला. "तू? ती झडप तू? रेना, आमच्याकडे ये. उद्या ये. उभ्याने बसायला मिळेल!" नको म्हटलं. माझे पाय दुखतात.

बुधवार, ९ जुलै

'व्यवसायातील प्रामाणिकपणा' या विषयाच्या वर्गाला बसवलंय मला, नव्याने लागलेल्या पोरांबरोबर. शिकवणारी म्हणाली, कुणी एखादं उदाहरण देईल का? वर्ग उशिरा सुटला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

शाळेची सहल होती. दालनाच्या वर काचेचा सज्जा आहे, तिथून मी खाली दाखवत होते — ते पांढऱ्या कपड्यांतले आमचे लोक, ते बोल्डरचे, हो, तो उंच माणूस बोल्डरचा मालक, हो, त्याने बूट घातलेत. एका मुलीने विचारलं, "तुम्ही काय बनवता, बाई?" मी म्हटलं, "मी काचेच्या अलीकडे उभी राहते."

पोरं गेल्यावर ग्रेडी वर आला. माझ्या शेजारी उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "कोठीतली चाचणी झाली. गारठ्यात अडकलं."

"काय अडकलं?"

"ते मी तुला सांगू शकत नाही." थोडा थांबला. "पण आपल्या बाजूचं. त्यांच्या नाही, आपल्या. वेगळं तपासलं तेव्हा ठीक होतं. जोडल्यावर अडकलं. सप्टेंबरला गेलो असतो तर वर जाऊन आंधळं फिरत बसलं असतं. आता दुरुस्त होईल."

माझ्यासाठी त्याने कॉफी आणली होती. दोन साखरा घालून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर!

शनिवार, ११ ऑक्टोबर

ड्वेन आला होता. एकटाच. शेंगांची पिशवी मांडीवर ठेवून बसला, उघडली नाही. म्हणाला, "क्रेनचं मी मार्चमध्येच सांगून टाकलं होतं. कर्नल हॅस्केलना. चर्चच्या पार्किंगमध्ये. गप्प बसवेना गं. पण तुझी खुर्ची गेली तेव्हा मात्र गप्प बसलो."

एप्रिलमध्ये कर्नलनी मला फोनवर विचारलं, तेव्हा त्यांना हे ठाऊक होतं तर! आणि ओकलींनी त्याला आमच्याकडे बातमी फोडलीस का एवढंच विचारलं, कर्नलना सांगितलंस का हे विचारलंच नाही.

म्हणजे आम्हा सगळ्यांत खरं बोललेला माणूस एकच. आणि तो बोललाच नाही, हे ओकलींसमोर सिद्ध करून आले मी!